ताईच्या घराचा भाव

आमच्या घरात सगळेच ताकाला जाऊन भांडं लपवणारे. मी तीस वर्षं नोंदणी कार्यालयात खरेदीखतं नोंदवली, माझा आवाज चढा, राग कायम नाकावर. तरी माझ्या माणसांना कधी सरळ ‘मला हे हवंय’ म्हटल्याचं आठवत नाही. थोरली बहीण तर यात माझी गुरू. ती ‘भूक नाही’ म्हणाली की समजावं, भाजी तिला आवडलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मी ब्लॉग सुरू केला. आपल्या भागात घरं खरंच कितीला विकली गेली, एवढंच त्यात असतं. दलालाच्या तोंडचा भाव आणि कागदावरचा भाव यातलं अंतर मी जन्मभर पाहिलंय, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. पण आकड्यांची कोष्टकं वाचून डोळे दुखतात अशी तक्रार यायला लागली. मग ठरवलं, चार्ट टाकायचे. तेही नुसते बघायचे नाहीत. बोट ठेवलं की त्या तिमाहीचा भाव दिसावा, किती खोल्यांचं घर ते निवडता यावं, खालची पट्टी सरकवली की वर्षं बदलावीत. शिकण्यात तीन आठवडे गेले आणि त्यात दोनदा मी अख्खा ब्लॉगच गायब केला.

ताई माझ्या वरच्याच मजल्यावर राहते. मेहुणे गेल्यापासून एकटी. दुपारी चहाला खाली येते. त्या दिवशी चार्ट चालतो का ते बघायला मी मनचेच आकडे भरले होते, दर तिमाहीला थोडे थोडे वाढणारे. ताईनं दोन खोल्यांची घरं निवडली, पट्टी सरकवली. रेघ आपली वर वर निघाली होती.

“म्हणजे भाव अजून चढतोच आहे?” तिनं विचारलं.

“दिसतंय ना,” मी म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडेच, एका न चालणाऱ्या बटणात होतं.

त्या दिवशी तिनं चहा दोनदा घेतला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सहा महिने तिचा मुलगा, माझा भाचा, तिच्या मागे लागला होता की भाव आता शिखरावर आहे, घर विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. “बघू, भाव काय म्हणतोय,” एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी खरे आकडे भरले. ताईनं बोट ठेवलं. रेघ वर्षभर आडवी चालून शेवटच्या दोन टिंबांशी खाली वळली होती.

“कालचा कुठे गेला गं?”

“तो खोटा होता. चाचणीपुरता.”

तिनं कप खाली ठेवला. “तोच ठेव ना, छोटे. रविवारपर्यंत. पोरगा येणार आहे, तुझा ब्लॉग बघूनच येतो.”

मी भडकले. “ताई, हे बघून लोक घरं विकतात! उद्या कुणी माझ्या खोट्या रेघेवर विसंबून बसला तर?”

“बरं बाई, राहू दे,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली. नंतर दोन दिवस चहाला आली नाही. तिला म्हणे चहानं पित्त होत होतं.

खोटं कशाला बोलू, शनिवारी मी ते खोटे आकडे पुन्हा भरले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं सकाळीच म्हटलं होतं, “बाई, तुमचा चार्ट आला की आमच्या घराचं ठरवतो.” त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी खरेच आकडे टाकले, आणि ताईचं घर आपण घालवलं या विचारानं दुपारभर रडत बसले.

रविवारी भाचा आला, तेव्हा मीही वर गेले. ताईच्या टेबलावर त्यानं चार्ट उघडला. “हे बघ आई, मावशीनंच दाखवलंय. आता उशीर केलास तर नुकसान.”

“हो रे, खरंय,” ताई म्हणाली. तिनं पदर बोटाला गुंडाळायला घेतला होता.

मला राहवेना. “अरे, त्यात भाव दिसतो! तुझ्या आईला घर विकायचंय का, ते कुठल्या टिंबावर बोट ठेवल्यावर दिसतं, दाखव मला.”

त्यानं आईकडे बघितलं. ताईनं बोटाचा पदर सोडला, म्हणाली, “भाव पडू दे. मला इथंच राहायचंय.”

“मग सहा महिने बोलली का नाहीस?”

“तू भावाचं बोलत होतास. मी काय बोलणार?”

भाच्यानं लॅपटॉप मिटला. “भाव गेला खड्ड्यात, आई. तू न्हाणीत पडलीस त्या दिवशी मला पोचायला चार तास लागले. तेव्हापासून झोप नाही मला. तू आमच्याकडे हवीस, एवढंच होतं.”

“मग तसं म्हणायचं ना, वेड्या,” ताई म्हणाली आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीला आलेला माणूस, पण मान खाली घालून बसून राहिला.

पुढं सगळं झटपट ठरलं. दर महिन्याला पंधरा दिवस ती त्याच्याकडे, पंधरा दिवस इथं. न्हाणीत धरायला दांडे बसवायचे. तो खाली गाडी काढायला गेला आणि आम्ही दोघीच उरलो.

ताईकडं बघवेना मला. मी आलेख शिकले, आकडे भरले, खोटे की खरे म्हणून रडले, आणि मूळ गोष्ट मीही एकदासुद्धा बोलले नव्हते.

“ताई,” मी म्हटलं, “तू वर नसलीस तर मला करमणार नाही गं.”