भाऊ रिसॉर्टवर उतरला

माझा भाऊ शुजाऊ नव्या बायकोला, लैशाला घेऊन आमच्या बेटावर, मुरंगफुशीला येणार, हे त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं. तो माझ्याकडे न उतरता समोरच्या रिसॉर्टवर उतरला, हे मात्र मला अलीबेकडून कळलं.

अलीबे रोज सकाळी त्याच्या धोणीतून आमच्या बेटावरच्या कामगारांना पलीकडच्या रिसॉर्टवर सोडतो आणि संध्याकाळी परत आणतो. बेटावरची कुठलीही बातमी आधी त्याच्या धोणीत चढते. त्या दिवशी तो माणसं सोडून परत आला तो धक्क्यावर न थांबता सरळ माझ्या फाटकाशी आला.

"झलीखा, तुझा भाऊ पाण्यावरच्या खोलीत आहे. तेवीस नंबर."

"माझा भाऊ रविवारी यायचाय. माझ्याकडे."

"मग तेवीस नंबरात त्याचं भूत असेल. काल दुपारी माझ्या डोळ्यांदेखत विमानातून उतरला. बायको पण होती. मला बघून न बघितल्यासारखं केलंन."

मी अलीबेला चहा विचारला नाही. फाटक लावून घेतलं.

माझं गेस्टहाऊस चार खोल्यांचं आहे. रात्रीची झोप आणि सकाळचा नाश्ता, एवढंच आम्ही देतो. मी ते उघडलं तेव्हा शुजाऊ राजधानीत, मालेत, एका प्रवास कंपनीत लागला होता आणि म्हणाला होता, "कोण येणार ग तिथे? माशांचा वास घ्यायला?" लोक आले. पहिली दोन वर्षं कमी आले, मग येत राहिले. ते माझ्यामुळे आले असं मी म्हणणार नाही. ते रफिय्याच्या हातच्या नाश्त्यासाठी आले आणि एकमेकांना सांगत गेले.

रफिय्या ही शुजाऊची पहिली बायको. नऊ वर्षं त्याच्याशी संसार केला तिने, मूल झालं नाही. मग एक दिवस मालेच्या बोटीतून कांद्याच्या पोत्यांबरोबर तलाकचा कोर्टाचा कागद आला. फोन सुद्धा नाही. तिचं माहेर आमच्याच गल्लीत, म्हातारी आई आणि एक खोली. त्याच महिन्यात मी गेस्टहाऊसचं दार उघडत होते. मी तिला म्हटलं, "तू भावाची बायको नाहीस आता, पण माझं स्वयंपाकघर रिकामं आहे." ती दुसऱ्या दिवशी पहाटे खोवणी घेऊन आली.

अलीबे बातमी घेऊन आला तेव्हा शुजाऊच्या फोनला तीन आठवडे झाले होते.

"दात्ता, खोलीत एसी आहे ना ग? लैशा आठव्या मजल्यावर वाढलीय. तिला दार उघडलं की समुद्र हवा."

"दार उघडलं की फणसाचं झाड आहे. फाटक उघडलं की समुद्र. वीस पावलं चालायला काय झालं तिला?"

तो हसला. "रिसॉर्टवर पाण्यातच खोली असते, असं म्हणते ती."

"रिसॉर्टवर तुला दात्ता म्हणायला थोरली बहीण भेटेल का?"

"नाही ग, तुझ्याकडेच येतोय. तिला सांगतो मी समजावून." मग जरा थांबून म्हणाला, "रफिय्या अजून तुझ्याकडेच असते?"

"मग कुठे जाईल?"

"बरं," म्हणाला, आणि हवेबद्दल बोलायला लागला.

मी कोपऱ्यातली खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली. नवा एसी बसवला. पडदे रफिय्याने शिवले. मी तिला म्हटलं, "तू का शिवतेस? मी बाहेरून आणते." तर म्हणाली, "पडद्यांनी काय घोडं मारलंय? येऊ दे त्याला. नाश्ता पण मीच वाढीन. फक्त एक कर. मी कोण ते त्या मुलीला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन. तू तोंड उघडू नकोस."

"नाही उघडणार," मी म्हटलं.

अलीबेने बातमी आणली त्या दिवशी मी रफिय्याला सांगितलं तर ती कणीक मळत होती. "त्यांना समुद्र हवा होता, मिळाला," एवढंच म्हणाली. पण माझ्या अंगाची आग आग होत होती. धक्क्यावर उभं राहिलं की रिसॉर्टच्या पाण्यावरच्या खोल्या ओळीने दिसतात. मी उजवीकडून तेवीस मोजल्या. दोन दिवसांत निम्मं बेट माझ्या तोंडावर म्हणून गेलं, "शुजाऊ पलीकडे उतरला म्हणे?" जणू मला माहीत नव्हतं. मशिदीच्या गल्लीतली सकीना तर म्हणाली, "तुझ्याकडे गरम पाणी नाही का?" मी तिला म्हटलं, "आहे. आंघोळीला येतेस?"

मंगळवारी रिसॉर्टचे पाहुणे बेट बघायला येतात. हे चार महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं. आधी होड्या बांधतात ती शेड, मग मशिदीची गल्ली, आणि शेवटी माझ्या अंगणात खोबरं-कांद्यात मासा कालवून मासहुनी कशी करतात ते बघायचं, खायचं आणि परत. नफीझ नावाचा रिसॉर्टचा वाटाड्या त्यांना घेऊन येतो. त्या मंगळवारी बारा जण होते. सगळ्यात मागे, रिसॉर्टची गवती टोपी कपाळापर्यंत ओढून, माझा भाऊ आणि त्याची बायको.

फाटकाची पाटी बघून त्याचा पाय अडखळला. बायकोला नवऱ्याचं बेट बघायचं होतं, तिला एकटीला पाठवायची त्याला भीती, म्हणून तो सोबत आला होता. माझ्या अंगणात थांबतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पुढे गेले. "या, या. बसा. आपण कुठल्या देशाचे?"

शुजाऊने टोपी काढली नाही. लैशा सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, नाक उन्हाने सोललेलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली. "आम्ही इथलेच. मालेचे. हा तर याच बेटावरचा."

नफीझने पाहुण्यांना माझं नाव सांगितलं. तशी लैशा नवऱ्याला म्हणाली, "झलीखा? तुझ्या बहिणीचं पण हेच नाव ना?"

"बेटावर सात झलीखा आहेत," शुजाऊ म्हणाला.

"होत्या सात," मी म्हटलं. "दोघी वारल्या, दोघी मालेला गेल्या. दोघी लहान आहेत, शाळेत जातात. राहिली एक. ती तुझ्या आईच्याच पोटची."

लैशाचं हसू गेलं. ती सरळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "मग मला आत कसं घेतलंत तुम्ही? दुसरेपणाची बायको आहे म्हणून माझं पाऊल नको होतं ना तुम्हाला घरात?"

"कोण म्हणालं असं?"

तिने शुजाऊकडे बघितलं. तो फणसाच्या झाडाकडे बघत होता.

"चल," मी म्हटलं, आणि तिला कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेले. रंगाचा वास अजून गेला नव्हता. पलंगावर नवी चादर होती, त्यावर मी दोन टॉवेल घडी करून ठेवले होते ते तसेच. "तुमच्यासाठी केली होती. तुला समुद्र हवा म्हणून तो तिकडे गेला असं मी समजत होते."

"मी समुद्र मागितला होता," ती म्हणाली. "पण हट्ट नव्हता केला. मला घरात राहायचं होतं. त्याचं लहानपण कुठे गेलं ते बघायचं होतं. तो म्हणाला, तिथे अपमान होईल तुझा." तिने पडद्याची कड बोटांत धरली. "सुरेख शिवलेत."

कोणी शिवले ते मी सांगितलं नाही. रफिय्याला शब्द दिला होता, आणि खोलीत तो पाळणं सोपं गेलं.

बाहेर रफिय्याने एका जर्मन बाईला खोवणीवर बसवलं होतं आणि तिचा हात धरून नारळ कसा फिरवायचा ते दाखवत होती. शुजाऊ दोरीच्या खुर्चीत आडवा पाय टाकून बसला होता. रफिय्याने त्याच्यापुढे थाळी ठेवली, इतरांपुढे ठेवली तशीच. त्याने मान वर केली नाही. लैशा त्याच्यापासून लांब, माझ्या बाजूच्या बाकावर बसली. दोन घास खाल्ले आणि रफिय्याला म्हणाली, "इतकी छान मासहुनी मी आयुष्यात खाल्ली नाही. लिंबू शेवटी पिळता का तुम्ही?"

रफिय्या म्हणाली, "मीठ लावून आधी कांदा चुरायचा, मग लिंबू."

एवढंच. आणि मला शुजाऊ दिसला. तो खात होता. माझ्या अंगणात, माझ्या खुर्चीत, टोपी डोक्यावर ठेवून, तिच्या हातचं बोटं चाटून खात होता, जणू काही झालंच नाही. मी बोलले.

"आवडली ना? तुझ्या नवऱ्याला पण आवडते. नऊ वर्षं रोज सकाळी हिच्याच हातची खात होता. विचार त्याला."

खोवणीचा आवाज थांबला. जर्मन बाईने नफीझला काय झालं विचारलं. नफीझ इंग्रजीत काहीतरी बोलला, मला वाटतं कांद्याबद्दल.

लैशाने थाळी खाली ठेवली. "ही ती? तू तर म्हणालास ती लांब अड्डूच्या बेटांवर असते. दुसरं लग्न झालंय तिचं."

शुजाऊने तोंड पुसलं. मला म्हणाला, "भरलं पोट तुझं, दात्ता?"

"भरलं."

"तू बदलायची नाहीस. बापाच्या मयतीत सुद्धा भांडली होतीस."

"तू होतास का तिथे, बघायला?"

तो उठला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता लैशा त्याच्यावर धावून जाईल. ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"आत्ता खोलीत आपण दोघीच होतो. तिथे सांगता आलं असतं. तुम्ही माणसं जमलेली असताना सांगितलंत. तो खोटारडा आहे, ते मी त्याच्याशी बघीन. पण तुम्हाला माझ्यासाठी सांगायचं नव्हतं."

रफिय्याने जर्मन बाईच्या हातातला नारळ घेतला, उरलेला स्वतः खवला, सगळ्यांना वाढलं, चहा दिला. सगळे कप गोळा करून धुतले. पाहुणे गेले तशी खोवणी पुसून काखोटीला मारली.

"कुठे चाललीस?"

"घरी."

"रफिय्या, तो तुझ्याबद्दल खोटं बोलला. तुला अड्डूला नेऊन बसवलं, लग्न लावून दिलं तुझं."

"माझ्याबद्दल ना? मग राग माझा होता. तू कशाला घेतलास?" तिने माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती ती. "सहा वर्षं मी या अंगणात नुसती नाश्ता करणारी बाई होते. कोणी विचारत नव्हतं कोणाची कोण. मला ते बरं वाटत होतं. आज तू मला थाळीत वाढलंस."

"मी त्याला शिक्षा..."

"त्याने खाल्लं की सगळं. संपवलंन. शिक्षा कोणाला झाली?"

गुरुवारी सकाळी अलीबेच्या धोणीतून लैशा एकटी उतरली, हातात एक पिशवी. मी अंगण झाडत होते. मला वाटलं खोली मागायला आलीय, आणि मी झाडू टाकून किल्ली आणायला वळले सुद्धा. ती फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "रफिय्यांचं घर कोणतं?"

मी बोट दाखवलं.

ती तिथे दोन दिवस राहिली. एक खोली, म्हातारी आई, आणि पंखा. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. सकीनाने मला तिखटमीठ लावून काहीबाही सांगितलं, त्यातलं निम्मं तिने रचलं असेल. भिंतीपलीकडून एकदा हसण्याचा आवाज मात्र मी स्वतः ऐकला. शुजाऊ पलीकडे तेवीस नंबरात एकटा होता. अलीबे म्हणाला, जेवण खोलीत मागवतो.

शनिवारी तो रिसॉर्टच्या वेगवान बोटीने धक्क्याला आला. लैशा पिशवी घेऊन चढली. त्याने हात पुढे केला तो तिने धरला नाही, पण बसली त्याच्या शेजारीच. ते अजून एकत्र आहेत असं ऐकते. त्याचा मला फोन आलेला नाही. मीही केलेला नाही, आणि करणार नाही.

रफिय्या परत आली नाही. दोनदा गेले मी तिच्याकडे. दोन्ही वेळा तिच्या आईने दार उघडलं आणि ती मागच्या अंगणात कामात आहे म्हणून सांगितलं. रमझान संपल्यावर तिने त्याच अंगणात पत्रा टाकला, बाकं मांडली. मंगळवारी रिसॉर्टचे पाहुणे आता तिच्याकडे जातात. नफीझ माझ्या फाटकावरून त्यांना घेऊन जातो आणि मला लांबूनच हात करतो.

माझ्याकडचा नाश्ता आता मी करते. जुने पाहुणे पहिल्या सकाळी दोन घास खातात, मग नम्रपणे विचारतात, आधीच्या त्या बाई कुठे गेल्या. मी त्यांना गल्ली दाखवते.