तीनशे पावलं अलीकडे

मित्रांनो, मी पत्र्याची पाटी आहे. जुनी, गंजलेली आणि मुळात चुकीच्या जागी उभी असलेली. माझ्यावर चार शब्द आहेत : सरकारी जमीन, प्रवेश बंद. आयुष्यभर मी एवढंच बोलत आले.

माझा जन्म शहरातल्या एका सरकारी कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्या चाळीस बहिणीही जन्मल्या. त्यांतली एक म्हणे राज्यपालांच्या बागेत लोकांना हिरवळीवरून हाकलते. माझ्या नशिबी ऑस्ट्रेलियाची तांबडी माती आली.

रेग आणि टॉड हे दोन कामगार मला ट्रकमधून घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं, पाटी खडकातल्या टाक्याच्या पलीकडे, दगडी उंचवट्यावर, जमिनीच्या कोपऱ्यात रोवावी. टॉडनं तिथे दोनदा पहार मारली. पहार वाकली, उंचवटा नाही. मग दोघांनी विचार केला आणि विचार करून ते तीनशे पावलं मागे आले. इथे वाळू मऊ होती, झाडाची सावली होती. पंधरा मिनिटांत मी उभी राहिले. घाईत माझं तोंडही बाहेरऐवजी आतल्या बाजूला झालं. म्हणजे आपल्याच जमिनीतून टाक्याकडे निघालेल्या माणसाला मी बजावते की पुढे येऊ नकोस.

हे सगळं एक मुलगी बघत होती. तिचं नाव नेटी, वय सतरा. ती पाणी न्यायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं की यावर काय लिहिलंय. रेगनं वाचून दाखवलं.

"कुणासाठी?" नेटीनं विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"मग तुम्ही कसे आलात?"

रेगनं टॉडकडे बघितलं. टॉडनं ट्रककडे बघितलं. दोघे निघून गेले.

आता टाक्याविषयी सांगते. खडकात माणूसभर खोल खड्डा आहे. त्यातला गाळ दरवर्षी काढला आणि तोंडावर चपटा दगड सरकवून ठेवला, तर पावसाचं पाणी वर्षभर टिकतं. दगड नसला तर जनावरं आत पडतात, मरतात आणि पाणी सडतं. हे काम नेटीच्या घरातल्या बायकांचं. तिची आई या टाक्याकाठी जन्मली. पाण्याकडे जाताना तिथल्या पूर्वजांना लांबूनच हाक मारून सांगायचं की मी अमकी, माझ्याबरोबर तमकी. नेटी पहिल्यांदा माझ्यावरून पुढे गेली, तेव्हा तिनं माझीही ओळख करून दिली. "ही नवीन आहे. पत्र्याची आहे. हिला काही कळत नाही, सांभाळून घ्या." इतक्या आपुलकीनं माझी ओळख पुन्हा कुणी करून दिली नाही. मजकूर थोडा बरा असता तर चाललं असतं.

पुढे पोलिसांनी नेटीच्या लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, गाडीत घालून दूरच्या वस्तीवर नेऊन ठेवलं. तरी ती दर हिवाळ्यात यायची. आधी पायी, मग कुणाच्या तरी मोडक्या गाडीतून. गाळ काढायची, दगड सरकवायची आणि जायची. मी चारही शब्द तिच्या तोंडावर म्हणायचे. तिच्यावर काडीचा परिणाम होत नसे. मध्यंतरी एका शिकाऱ्यानं नेम धरून माझा 'बंद' उडवला. त्यानंतर अकरा वर्षं मी 'सरकारी जमीन, प्रवेश' एवढंच म्हणत होते आणि लोक तंबू ठोकून सरकारचे आभार मानत होते. मग कुणीतरी येऊन नवा 'बंद' रंगवून गेलं.

आणि मग एक दिवस नकाशावाला आला. कचेरी हलवताना मूळ कागद हरवला होता, त्यामुळे जमिनीचा कोपरा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याला मी दिसले. त्याला फार आनंद झाला. त्यानं माझ्या जागी एक ठिपका काढला. माझ्या पलीकडचं सगळं शिल्लक ठरलं आणि ते एका गुरांच्या मालकाला विकून टाकलं गेलं. त्यात टाकंही गेलं.

नेटीच्या लोकांनी आपल्या जमिनीवर मूळ हक्काचा दावा लावला. तो एकोणीस वर्षं चालला. दाव्यावर ज्यांची नावं होती, त्यांतले अकरा जण तोवर मातीत गेले. शेवटी सरकार तडजोडीला तयार झालं. माझ्यापर्यंतची सगळी जमीन परत मिळणार होती. हॉलिस नावाचा अधिकारी नकाशा घेऊन आला. नेटीची भाची कार्लीन दावेदारांची प्रमुख होती. तिनं तो गाडीच्या बॉनेटवर पसरला. हॉलिस वाईट माणूस नव्हता. असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

नेटीनं नकाशावर बोट फिरवलं. बोट कागदाच्या बाहेर, बॉनेटवर गेलं.

"टाकं कुठाय?"

"ते हद्दीबाहेर येतं, नेटीमावशी. पाटीच्या पलीकडे," हॉलिस म्हणाला.

"पाटी चुकीच्या जागी लावलीय. लावत होते तेव्हा मी इथंच उभी होते."

"त्याचं लेखी काही आहे?"

"तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं," कार्लीन म्हणाली. "ज्यांना येत होतं त्यांनीच हा घोळ घातलाय."

हॉलिसनं तेही लिहून घेतलं. मग त्यानं समजावून सांगितलं. विकलेली जमीन परत घेता येत नाही. कोपऱ्यावर वाद काढला तर सगळी तडजोड थांबेल, नवी मोजणी, नवी सुनावणी, आणखी आठ-दहा वर्षं. शिवाय एक अट होती. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कुणी पलीकडे जायचं नाही. एकानं मोडली तर सगळ्यांनी मोडली असं धरून तडजोड रद्द होईल.

मित्रांनो, एका बाजूला टाक्याचा गाळ उपसण्यात जन्म घालवलेली बाई होती आणि दुसऱ्या बाजूला मी. पुरावा म्हणून मला धरलं. मी जीव तोडून सांगायला गेले, पण माझ्या तोंडून तेच चार शब्द निघाले.

लोकांनी राखेत कांगारूच्या शेपट्या भाजल्या आणि दोन दिवस वाद घातला. टाक्याशिवाय सही नको, असं बरेच जण म्हणत होते. कार्लीन आपल्या मावशीला घेऊन माझ्यापाशी आली.

"तू नाही म्हणालीस तर मीही नाही म्हणेन."

नेटी म्हणाली, "अकरा जणांच्या कबरी ह्या बाजूला आहेत. आपल्याच माणसांना भेटायला अजून किती दिवस परवानगी काढायची?"

"आणि टाकं?"

नेटीनं चहा मागितला.

सह्या झाल्या. भाषण झालं, फोटो निघाले. आता ही जमीन सरकारी नव्हती, म्हणजे मी उघडउघड खोटं बोलत होते. कार्लीन पाना घेऊन मला काढायला आली, तर हॉलिसनं फोनवर सांगितलं की कोपऱ्याची खूण हलवता येत नाही. जमीन तुमची आहे, पाटी सरकारची आहे.

या हिवाळ्यात नेटी आली. गाडीत बादली आणि खोरं होतं. ती माझ्यापर्यंत आली आणि थांबली. माझ्या उंचीवरून मला टाकं दिसतं. चपटा दगड बाजूला पडला होता आणि एक गाय काठाशी पाय रोवून वाकली होती. नेटीलाही ते दिसत होतं.

"मालकाला अर्ज दिलाय ना, येईल परवानगी," कार्लीन म्हणाली. "तोवर जाऊन ये. कोण बघतंय?"

"सही केलीय मी. मी चुकले तर तुम्ही सगळे चुकलात."

ती बादली पालथी घालून त्यावर बसली. ऊन उतरेपर्यंत बसली आणि मग परत गेली.

पन्नासहून जास्त वर्षं मी बोलत होते. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझं ऐकलं. पाटीच्या जन्मात याहून मोठं यश नसतं. मला ते नको होतं.

अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. मित्रांनो, उद्या तुमच्या हाती कुणी पहार दिली आणि जमीन कठीण लागली, तर थोडं थांबा, पाणी प्या, पण सांगितलंय तिथेच खणा. आणि शेजारी उभं राहून कुणी काही विचारलं, तर ट्रककडे बघू नका.