कापलेलं कवेलू

गुलफामचा हात मोडला तो अचलपूरला, नानीच्या अंगणात. दिवाळीच्या सुटीत मामाच्या पोरांसमोर तिनं फुशारकी मारली, दोन विटांवर छपराचं एक जाड चपटं कवेलू, म्हणजे कौल, आडवं ठेवलं, कराटेच्या क्लासमध्ये शिकवतात तशी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली आणि मूठ हाणली. कवेलू जागचं हललंसुद्धा नाही. मनगटाचं हाड तेवढं मोडलं. नऊ वर्षांची पोर ती.

अमरावतीला परत आणल्यावर देवश्री तिला पाहायला गेली. दोघींची घरं एकाच गल्लीत. देवश्री बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, क्लासमधली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, ब्राऊन बेल्टवाली. गुलफामला क्लासमध्ये तीच घेऊन गेली होती.

गुलफामची आई अनीसाकाकू मनाला लागेल असं काही बोलली नाही. चहा ठेवत एवढंच म्हणाली, "तुझे व्हिडिओ पाहून पाहून शिकली ना ते. देवश्रीदीदी फोडते तसंच मी बी फोडतो म्हणे."

चहा घेताना देवश्रीच्या मनात एकच घोळत होतं. आपण फोडतो ते कवेलू या पोरीकडून का फुटलं नाही? तिची मूठ लहान, हे खरं. पण कवेलूला साधा तडासुद्धा जाऊ नये?

दुसऱ्या दिवशी ती क्लासला वेळेच्या आधीच पोचली. रविवारी क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, सामान बांधायचं होतं. मागच्या खोलीतून कटर मशीनचा आवाज येत होता. दार ढकललं, तर तोंडाला रुमाल बांधून अद्वैत सर एकेका कवेलूच्या पाठीवर मधोमध खाच पाडत बसलेले. पाठ कापलेली, तोंड शाबूत. प्रेक्षकांना दिसायचं ते तोंडच.

"सर, हे काय?"

सरांनी मशीन बंद केली. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "अगं, स्टेजसाठी असंच करावं लागतं. खालून अर्धं कापलं की हाताला लागत नाही. सगळेच करतात."

"म्हणजे मी आजवर फोडले ते?"

"मग? तुला काय वाटलं होतं?" सर हसले.

"सर, गुलफामचा हात मोडला."

"तिला घरी करायला कोणी सांगितलं होतं?" असं म्हणून सरांनी मशीन पुन्हा सुरू केली.

देवश्रीच्या अंगाची लाही लाही झाली. त्या ढिगातलं एक कवेलू तिनं उचललं, काखेत मारलं आणि कोणालाही न सांगता घरी आली.

घरी बाबा होते. चिंतामण वकील म्हटलं की अमरावतीच्या कोर्टात लोक जरा सावरून बसत. समोरच्याच्या साक्षीदाराला पाणी पाजणारा माणूस. आई अकोल्याच्या कॉलेजात प्राध्यापक, परीक्षांमुळे तिकडेच अडकलेली. त्यामुळे घरात दोघंच.

"बाबा, मी क्लास सोडला," देवश्री म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला. "काहून?"

तिनं सगळं सांगितलं. कवेलू उलटं करून टेबलावर ठेवलं. बाबांनी त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि कवेलू बाजूला सारलं.

"तू घाबरली," ते म्हणाले.

"मी घाबरली नाई, बाबा."

"त्या पोट्टीचा हात मोडला, ते पाहून तुले भेव वाटलं. साहजिक हाये. पण म्हणून सात वर्षांची मेहनत सोडून द्याची?"

"भेव नाई वाटलं! राग आला मले! ते सर लोकांले फसवून राहिले, माझ्या हातानं फसवून राहिले."

"हे पाय देवश्री," बाबांनी कोर्टातला खालचा सूर लावला. "आपल्या घराण्यात अर्ध्यातून सोडायची सवयच हाये. मी तबला सोडला. तुझ्या आत्यानं गाणं सोडलं. पुढं जन्मभर हळहळत बसतो माणूस. तुले मी तसं करू देणार नाई."

देवश्रीला वाटलं, आता आपण ओरडणार. मी काय बोलतेय आणि हे काय ऐकताहेत! माझ्या रागाला हे भीती म्हणतात, मग त्या भीतीवर औषध सांगतात, आणि वर तबल्याची गोष्ट! कोर्टात पक्षकाराचं म्हणणं असंच ऐकतात का हे?

"तुमचा तबला तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "हे कवेलू खोटं हाये का नाई, तेवढं सांगा. हो का नाई?"

बाबांनी कवेलू पुन्हा पुढं ओढलं. "खोटं हाये," ते म्हणाले. "पण रविवारच्या कार्यक्रमाले मी प्रमुख पाहुणा हावो. कोर्टातले चार जण माझ्या शब्दावर येऊन राहिले. पत्रिकेत तुझं नाव हाये. रविवार निभावून ने. सोमवारी सोड, मी एक शब्द बोलणार नाई."

हे मात्र तिच्या कल्पनेतही आलं नव्हतं. मघाशी ऐकलंच नाही म्हणून राग होता. आता ऐकूनही असं म्हणतात म्हणून तो दुप्पट झाला.

"म्हणजे खोटं हाये हे माहीत असून मी लोकांपुढं फोडू? त्यातून आणखी कोणी गुलफाम घरी जाऊन हात मोडून घेईल, तरी?"

"एवढं काही होत नाई."

"झालं ना पण! आपल्याच गल्लीत झालं!"

"आवाज खाली कर."

"नाई करत."

ती आपल्या खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. आईला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं बरोबर हाये. पण तुझे बाबा एकदा हो म्हणले की मागं येत नाईत, तुले माहीत हाये." हा न्याय झाला की नाही, देवश्रीला कळेना. बरोबर असेल तर बरोबर. त्यात 'पण' कुठून आला?

रविवारी सकाळी बाबांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि तिच्या दारावर टकटक केली. देवश्रीनं आतूनच सांगितलं, "मी येणार नाई." बाबा एकटेच गेले. ती गुलफामकडे गेली आणि दिवसभर तिच्या प्लॅस्टरवर स्केचपेननं मांजरी काढत बसली. डोकं मात्र तापलेलंच होतं.

बाबा संध्याकाळी परतले. हातात नारळ, खांद्यावर शाल. शाल त्यांनी खुर्चीवर टाकली आणि तिथंच बसले.

"तुझ्या जाग्यावर एक लहान पोट्टी उभी केली त्यायनं," ते म्हणाले. "वलगावची. रागिणी नाव तिचं. आठ-नऊ वर्षांची असन. एका फटक्यात कवेलू फोडलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. तिची माय रडून राहिली होती आनंदानं."

"आन तुमी? तुमी काय केलं?"

"बसलो होतो."

"तुमाले माहीत होतं, बाबा. तिथं एवढ्या लोकांत एकट्या तुमालेच माहीत होतं. तरी बसून राहिले?"

साक्षीदार जसा पिंजऱ्यात इकडेतिकडे बघतो, तसे बाबा नारळाकडे, शालीकडे बघत राहिले. देवश्रीला त्यांची कीव यायला हवी होती, पण ती आली नाही.

"उद्या वलगावले जायचं," ती म्हणाली. "त्या पोट्टीच्या घरी सांगायचं. तुमी सांगायचं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या!"

सोमवारी कोर्ट आटोपल्यावर दोघं स्कूटरवर वलगावला गेले. रागिणीच्या आईचं नाव वर्षाली. शेतावरून नुकतीच आलेली, ओट्यावर कापसाची बोचकी पडलेली. कालच्या पाहुण्यांना दारात पाहून ती हरखली. पाणी दिलं, चटई टाकली. बाबांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिचा चेहरा बदलला.

"वकीलसाहेब, तुमची पोरगी काल आली नाई, घाबरली म्हणे. सर सांगत होते. आमच्या पोरीनं करून दाखवलं ते तुमाले सहन नाई झालं का?"

"तसं नाई ताई. कवेलू खालून कापलेलं असते..."

"आमी खेड्यातले म्हणून काही बी सांगता? माह्या डोळ्यानं पाहिलं मी!"

"अवो, ऐकून तर घ्या!" बाबांचा आवाज चढला. एवढ्या उलटतपासण्या घेतलेला माणूस, पण या बाईपुढं एक वाक्य पुरं होईना.

तेवढ्यात रागिणी धावत गोठ्यामागं गेली आणि कवेलू घेऊन आली. छपरावर घालून उरलेलं, जाड, अख्खं. तिनं दोन विटा मांडल्या, वर कवेलू ठेवलं. "मी दाखवतो ना माय, पाय," म्हणून मूठ वर उचलली.

देवश्रीनं झेप घेतली आणि तिचं मनगट वरच्या वर धरलं. "नाई! हात मोडन तुझा!"

"सोड माह्या पोरीले!" वर्षाली उठली.

आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना चिंतामण वकील पुढं झाले. ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला चापट मारली नव्हती, त्यांनी बाह्या सारल्या, खाली बसले आणि सगळी ताकद लावून त्या कवेलूवर मूठ हाणली.

"आई गं!"

कवेलू तसंच. बाबा हात पोटाशी धरून अंगणात बसले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोटांच्या पेरांवरचं सालटं निघालं होतं.

वर्षाली बघत राहिली. पुढं होऊन तिनं ते कवेलू उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग पोरीचा इवलासा हात आपल्या हातात घेतला आणि सोडेचना.

"कालचं कवेलू कापलेलं होतं?" तिनं हळूच विचारलं.

"हाव," देवश्री म्हणाली.

"आन त्या माणसानं माह्या पोरीले सांगतलं, तुझ्या हातात ताकद हाये म्हणून." वर्षालीनं पदर खोचला. "उद्या येतो मी त्याच्याकडं. येतोच." मग घरात जाऊन तिनं हळद-चुना गरम करून आणला आणि स्वतः बाबांच्या हाताला लावला.

परतताना स्कूटर देवश्रीनं चालवली. बाबा मागं बसलेले, सुजलेला हात छातीशी. वाटेतलं रेवसा गाव मागं पडलं.

"किती सांगून राहिलो मी त्या बाईले, ऐकूनच घेत नव्हती," बाबा म्हणाले.

देवश्रीनं स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवली आणि मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. बाबांनी नजर खाली घातली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "त्याच दिवशी ऐकायला पायजे होतं."

"हाव. पायजे होतं," ती म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो गेला असं तिनं दाखवलंही नाही. "नांदगाव पेठेतून दोघी बहिणी येतात क्लासले. त्यायच्या घरी कधी जायचं?"

"आत्ताच चाल," बाबा म्हणाले. "फक्त तिथं मले कवेलू फोडाले लावू नको."