यंत्राच्या आतला आकडा

"हनुवटी टेक. कपाळ पट्टीला लाव. आता समोरच्या हिरव्या फुलीकडे बघ," लाइल म्हणाला.

"फुली नाहीये," शिपाई टोबिन आर्सेनो म्हणाला. "कडेला बघितलं की येते, सरळ बघितलं की जाते. माझ्या मैत्रिणीसारखीच."

लाइलने बटण दाबलं. मॉनिटरवर डोळ्याच्या पडद्याचे थर उमटले, केकचा काप आडवा ठेवावा तसे. बरोबर मधोमध उंदराने कुरतडल्यासारखी एक खाच. टेक्सासच्या या छावणीतल्या दवाखान्यात महिन्याभरातली ही चौथी. चौघंही एकाच तुकडीतले, विशी-एकविशीचे. डोळ्यांच्या डॉक्टर मेजर कारदेनास यांनी रक्त तपासलं, आज्या-पणज्यांचे चष्मे विचारले. काहीच हाती लागलं नाही. आज फाईलवर 'आनुवंशिक' असा शेरा पडणार होता आणि टोबिनला घरी पाठवणार होते.

"आमच्याकडे कुणालाच नाही हो हे," टोबिन म्हणाला. "आजोबा नव्वदीत बंदुकीने खार टिपतात. शेजाऱ्याची टपालपेटीही टिपतात, पण ती मुद्दाम."

"तुकडीत काम काय तुझं?"

"लेसरची यंत्रं. अंतर मोजायची."

लाइलचा हात माउसवर थांबला. या दवाखान्यात लागण्याआधी तोही त्याच तुकडीत होता.

"किरण निघतो त्या पुढच्या बाजूने आत बघितलंस?"

टोबिनने हनुवटी उचलली. दाराकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या दिवशी सगळेच बघतात. आत बारीक आकडा असतो, तो वाचून दाखवायचा. मला तर काहीच दिसेना. पण नवा माणूस नाही कसं म्हणणार? ठोकून दिलं, सतरा. बरोबर निघालं. सार्जंटने हात मिळवला."

आत आकडा नव्हता. किरण तर डोळ्यांना दिसतच नाही, नुसता पडदा जाळतो. नवा म्हणेल तो आकडा बरोबर धरायचा आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे सगळं लाइलनेच काढलं होतं, अकरा वर्षांपूर्वीच्या एका कंटाळवाण्या मंगळवारी. यंत्र बंद ठेवायचं, असंही त्याने बजावलं होतं. निदान एकदा तरी बजावलं असेल.

तो शेजारच्या खोलीत गेला. मेजर पेन उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, आनुवंशिक लिहू नका," तो म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मंगळवारसकट.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"आत बघितलेल्या सगळ्यांना बोलवावं लागेल. पहिला कोण?"

"डेल ऑक्सनर. आता शाळेची बस चालवतो."

पेन थांबलं.

"त्याला काही त्रास?"

"गेल्या नाताळात भेटला होता. म्हणाला, वाचताना मधलं एक अक्षर गळतं." लाइल टेबलाच्या कडेकडे बघत होता. "मी म्हटलं, तुला आधी तरी कुठे वाचता येत होतं. खूप हसला तो."