बिनघंटेचा पेपर

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतली. तिला हात लावताना लोक डोळे मिटतात, आणि मला कुणी हात लावला की लोक पळत सुटतात. जन्माने मी रूळ, कामाने घंटा. हातभर लोखंडाचा तुकडा, वरच्या अंगाला एक भोक, भोकात तार आणि तार करंजाच्या फांदीला. आवाज माझा गोड नाही. गोड आवाजाने कुणी वर्गात जात नसतं.

निजामाबादच्या बाजूला लहान रुळांच्या गाडीखाली मी चाळीस वर्षं काढली. हळदीची पोती, लग्नाची वऱ्हाडं, दुबईला निघालेले बाप्ये आणि त्यांच्या मागे रडणाऱ्या बाया, सगळं माझ्या अंगावरून गेलं. गाडी वेळेवर कधी आली नाही, पण मी माझी जागा कधी सोडली नाही. पुढे मोठे रूळ टाकायचे ठरले, आम्हाला उपटून तुकडे केले, आणि त्यातला एक तुकडा या गावच्या हायस्कुलाने मागून आणला. तो तुकडा मी.

मला टांगलं त्याच वर्षी पोसव्वा शाळेत लागली. वय चोवीस, शिक्षण पाचवी, तोंड फाटकं. काम दोन. तीनशे पोरांचं दुपारचं जेवण रांधायचं आणि मला ठोकायचं. मदतीला राजव्वा होती, पण मला ठोकायचा लोखंडी गज पोसव्वाने कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायची आणि कुलपाची किल्ली कमरेला खोचायची. ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ बघायची, पदराला हात पुसायची, की ठाण. एकोणीस वर्षांत एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. बतुकम्मा सणाच्या सुट्टीतसुद्धा तिचा हात त्या त्या वेळेला शिवशिवायचा, असं राजव्वा सगळ्यांना सांगत फिरायची.

एवढी वर्षं ती रोजंदारीवरच. मग वरून कागद आला. शाळेला कायमचा शिपाई मिळणार. इथे काम करणाऱ्याला आधी संधी, पण दहावी पास पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत. पोसव्वाला त्रेचाळीस पुरी झाली होती. हेडमास्तरीण स्वरूपा टीचरनी कागद वाचून दाखवला. पोसव्वा म्हणाली, दहावी म्हणजे काय वाघ आहे का? ओपन स्कूलचा फॉर्म भरला आणि रात्रंदिवस नाही, पण फोडणी आणि भात यांच्या मधल्या वेळात धडे पाठ करायला लागली.

पहिल्या वर्षी सगळे विषय निघाले, एक राहिला. समाजशास्त्र. मला विचाराल तर तो पेपर तिला येत होता. येत असून ती नापास झाली, आणि कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण तिचा नंबर याच शाळेत, माझ्या समोरच्या खोलीत आला होता.

पेपर हातात पडला. पहिला प्रश्न गोदावरीचा, मार्क चार. पोसव्वाचा चेहरा उजळला. गोदावरी तिला पाठ. उगम लिहिला, उपनद्या लिहिल्या, धरणं लिहिली, आणि पुष्करालूला, म्हणजे नदीच्या बारा वर्षांनी येणाऱ्या जत्रेला, आपण कुठल्या घाटावर डुबकी मारली तेही लिहिलं. चार मार्कांना चार पानं. पुढचे प्रश्न तिने उलटूनसुद्धा पाहिले नव्हते. दुसऱ्या प्रश्नाला अडली. अडली तर पुढे जावं की नाही? नाही. प्रश्न सोडला तर मास्तर रागावतील म्हणून तोंडात पेन धरून त्याच प्रश्नापाशी बसून राहिली.

त्या दिवशी ठोके द्यायचं काम ओदेलू वॉचमनकडे होतं. दर अर्ध्या तासाला एक. पहिला त्याने कुणाची तरी हातोडी मागून आणून दिला. दुसऱ्याच्या वेळेला साहेब ताडीवाल्याच्या पडवीत. दहा वाजून गेले, घंटा नाही. मी फांदीवर तडफडतेय, आणि खिडकीतून बघते तर पोसव्वा उभी. पेन ठेवलं, चप्पल पायात घातली, पर्यवेक्षक विचारतोय कुठे चाललात, आणि ही सरळ बाहेर. किल्ली काढली, गज आणला, मला एक ठोका मारला आणि परत दारात. पर्यवेक्षकाने अडवलं. न विचारता बाहेर गेलेल्याला आत घेता येत नाही म्हणाला. केंद्रप्रमुखांना बोलावलं, त्यांनी झडती घ्यायला लावली, हो-नाही करता करता पाऊण तास गेला. सगळ्या गावाची वेळ सांभाळायला गेली आणि स्वतःची घालवून बसली.

मार्क एकतीस. पास व्हायला पस्तीस. शेवटची तीन पानं कोरी, आणि त्यातले दोन प्रश्न तिला तोंडपाठ.

गावाने काय सोडलं असेल? पाण्याच्या टाकीवर बाया म्हणायच्या, पोसव्वा, पुढच्या वर्षी पेपर मला दे आणि तू नुसती घंटा वाजव. ओदेलूने तर कमाल केली. म्हणाला, माझ्यामुळे निदान चार पानांवर तरी थांबलीस, नाहीतर गोदावरी समुद्राला मिळेपर्यंत लिहीत बसली असतीस. पोसव्वाने त्याला भरपूर शिव्या दिल्या. त्या इथे सांगत नाही, शाळेचं आवार आहे.

माझंही नशीब फिरलं. झाल्या प्रकारानंतर शाळेत विजेची घंटा आली. बटण दाबलं की किर्रर्र. एका आठवड्यात लोक मला विसरले. माझ्यावर ओली फडकी वाळायला लागली. एकदा तर कुणीतरी म्हैस बांधली.

पण रविवारी पोसव्वा यायची. जूनच्या आत पास झाल्याचा कागद दाखवला नाही तर जागेवर दुसरा माणूस येणार, असं स्पष्ट लिहून आलं होतं. आता एकच खेप उरली होती. स्वरूपा टीचरनी तिला जुने पेपर दिले आणि सांगितलं, धडे पुरे झाले, आता पेपर लिहायला शीक. मार्क बघ, मग वेळ ठरव. दोन मार्कांना चार ओळी, चार मार्कांना एक पान. आधी सगळा पेपर वाच. येतं ते आधी लिही, नाही येत तिथे जागा सोड. प्रश्नाचा नंबर समासात ठळक घाल.

पोसव्वाला हे पटेना. अर्धवट टाकून पुढे जाणं म्हणजे बेअब्रू. तेव्हा राजव्वा भांडी घासता घासता बोलली. तिला अक्षर येत नाही, पण अक्कल आहे.

"का गं, भाताला आधण ठेवलं की तू उकळी फुटेपर्यंत पातेल्यात बघत उभी राहतेस?"

"मी काय खुळी आहे?"

"मग काय करतेस?"

"डाळ टाकते. कांदे चिरते. अंडी उकडायला लावते."

"आणि भात?"

"तो होतो त्याच्या वेळेला. मध्ये येऊन बघते."

"मग त्या पेपरावर कोणत्या चुलीची राख पडलीय? तिथे का बघत उभी राहतेस?"

पोसव्वाने जुना पेपर पुढे ओढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. 

त्या रविवारपासून करंजाखाली तिची परीक्षा. चटईवर बसायची, मांडीवर पुठ्ठा. राजव्वा ऑफिसच्या भिंतीकडे बघायची, मोठा काटा खाली गेला की पळीने मला एक टोला, वर आला की पुन्हा एक. पळीचा टोला म्हणजे काय, मांजराची शिंक. पण माझी पाठ पुन्हा जागी झाली. पहिल्या टोल्यापर्यंत पेपर वाचून बारीक प्रश्न संपवायचे. दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत दोन मार्कांचे. चौथ्या-पाचव्यापर्यंत मोठे. सहावा अर्धा तास राहिलेल्या जागा भरायला आणि नंबर तपासायला. सुरुवातीला दर वेळी चुकायची. राजव्वा टोला पडला की कागद ओढून घ्यायची. वाक्य पुरं करू दे, म्हणून पोसव्वा ओरडायची. राजव्वा म्हणायची, पोरं जेवायला बसली, आता मीठ टाकून काय उपयोग. चौदा रविवार हे चाललं. पंधराव्याला टोल्याच्या आधी पेन खाली.

टीचरनी तिला सांगितलं होतं, मनगटावर एक घड्याळ बांधून जा. पोसव्वा म्हणाली, मी सगळ्या गावाला वेळ सांगते, मला घड्याळ कशाला. हा माज होता. मी तिची बाजू घेणार नाही. तुम्ही घड्याळ न्या.

परीक्षेचा दिवस. उन्हाळ्याची सुट्टी, स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. स्वरूपा टीचरना दुसऱ्या केंद्रावर पाठवलेलं. तीच खोली, तीच खिडकी, समोर मी. नऊला विजेची घंटा किर्रर्र झाली. पोसव्वाने पेपर घेतला आणि लिहायला सुरुवात केली नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. पेन्सिलीने खुणा केल्या. पहिला प्रश्न पुन्हा एका नदीचाच होता, कृष्णेचा. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने बारीक प्रश्नांकडे गेली. माझ्या लोखंडाला गारवा वाटला.

साडेनऊची घंटा झाली. पावणेदहाला वीज गेली.

पंखे थांबले, ते सोडा. दहा वाजले आणि घंटा नाही. खोलीत भिंतीवर घड्याळ नाही, मोबाईल सगळ्यांचे बाहेर जमा. पर्यवेक्षक कोवळा पोरगा, वहीने वारा घेत बसलेला, मनगटावरची वेळ सांगायचं त्याच्या डोक्यातही नाही. पोसव्वाचा उजवा हात थांबला. मला दिसलं, तिचा खांदा हलला. एकोणीस वर्षांची सवय ती, एका वर्षात जाते होय? डावा पाय चपलेत गेला. मी मनात म्हटलं, बाई, आज नको. मी मुकी राहिले तर काही बिघडत नाही.

तिने पाय चपलेतून काढला. चप्पल बाकाखाली लांब सरकवली. डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि लिहायला लागली.

इकडे ओदेलूची धावपळ. या वेळी शुद्धीत होता बिचारा, पण गज कुलपात. त्याने एक धोंडा उचलून मला मारला. धोंड्याने मी वाजत नाही, थप् एवढाच आवाज होतो. दोनदा मारला, धोंडा फुटला. मग तो खिडकीशी आला. हळूच म्हणाला, "अक्का, किल्ली टाक. दहाची घंटा राहिली. केंद्रप्रमुख माझ्या नावाने ओरडतोय."

पर्यवेक्षकाने मान वर केली. खिडकीतून काही आत-बाहेर झालं असतं तर कॉपी धरली असती, आणि मग पेपर, पास, नोकरी, सगळं चुलीत. खोलीतली सगळी पोरं बघायला लागली.

पोसव्वाने मान वर केली नाही. पेनही थांबवलं नाही. "आज मी घंटेवाली नाही," ती म्हणाली, "आज मी हॉलतिकीट आहे. बाराला ये."

ओदेलू गेला. पर्यवेक्षकाने खिडकीची एक फळी लावून घेतली. उरलेल्या फटीतून मला तिचा फक्त हात दिसत होता. तो हात मी ओळखते. साडेदहा झाले असतील तेव्हा त्याने दोन मार्कांचे प्रश्न संपवून पान उलटलं. पुढे एका प्रश्नाला अडला, चार बोटं जागा सोडली, पुढे गेला. कृष्णेला एक पान दिलं, एका ओळीने जास्त नाही. ऊन करंजावरून सरकून माझ्या तारेवर आलं, म्हणजे साडेअकरा. त्याच वेळी हाताने पेन पालथं ठेवलं, बोटं मोडली, आणि पहिल्या पानापासून सोडलेल्या जागा भरायला घेतल्या. माझा एक ठोका पडला नव्हता, पण पोसव्वाच्या आत पळीचा टोला बरोबर पडत होता. एक उत्तर तिला काही केल्या येत नव्हतं. तिथेही तिने ठाऊक होतं तेवढं तीन ओळींत लिहिलं. कोरं पान नको. पुरवण्या लावल्या, दोरा बांधला, गाठ मारली.

"पेपर द्या," पर्यवेक्षक अचानक म्हणाला. खोलीत एकच कालवा झाला. अहो सर, अजून अर्धा तास असेल, घंटा कुठे झाली, माझे दोन प्रश्न राहिले. पोसव्वाचे दोन्ही हात बांधलेल्या पेपरावर होते.

बाहेर आली. चप्पल हातात. स्वयंपाकघर उघडलं, गज घेतला आणि ओदेलू तोंड उघडायच्या आत मला सुट्टीची घंटा दिली. लांब, सलग, हात भरून येईपर्यंत. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. तिच्या हातची सुट्टीची तेवढी एकच घंटा उशिरा झाली.

निकालात अठ्ठावन्न. राजव्वाने विचारलं, हे जास्त की कमी? पोसव्वा म्हणाली, मीठ बरोबर पडलंय. जूनमध्ये कायम झाल्याचा कागद हातात आला.

आता मी म्हातारी झालेय. गंज चढलाय, भोक झिजलंय, तार दोनदा बदलली. रोजच्या कामाला ते किर्रर्र आहे. पण परीक्षेच्या दिवशी पोसव्वा बटणाला हात लावू देत नाही. वीज असो नसो, गज घेऊन येते.

आणि दर वर्षी तुम्ही मला शिव्या देता. इतक्यात कशी वाजली म्हणता. अरे, मी वेळ खात नाही. मी फक्त झालेली वेळ सांगते. पहिल्या प्रश्नावर पुष्करालूला जाऊन आलात, अडलेल्या पातेल्यात बघत बसलात, ती वेळ तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली. मला गंजून पडायची भीती नाही, एक दिवस मी पडणारच. शेवटच्या ठोक्याला येत असलेलं उत्तर कुणाच्या पोटात राहू नये, एवढंच माझं मागणं आहे.

ती बघा, कमरेची किल्ली काढतेय. नऊ वाजतायत. बसा आपापल्या जागेवर. आधी सगळा पेपर वाचा.