केशरी गोळ्या

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारून गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली.

"या कधीपासून घेताय?"

"तीन वर्षं झाली," चंद्रावतीने सांगितलं. "एक दिवस चुकवला नाही."

शेजारी बसलेल्या दत्तारामने मान डोलावली. डिचोलीच्या खाणींवर बावीस वर्षं टिपर चालवताना त्याला दिवसाला दीड पाकीट सिगारेट लागत असे. दोनदा सोडून पाहिली. एकदा चौथ्या दिवशी, एकदा अकराव्या दिवशी तो पुन्हा ओढू लागला. दुसऱ्यांदा चंद्रावती भांडली नाही. सिगारेटीने अंगातलं क जीवनसत्त्व कमी होतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. औषधाच्या दुकानातून तिने त्याच्यासाठी या केशरी गोळ्या आणल्या. तेव्हापासून तो परसात ओढत असला की ती आत निवांत भाकऱ्या थापत असे.

"यात क जीवनसत्त्वाबरोबर बीटा-कॅरोटिनही आहे, गाजरात असतं ते, आणि बरंच आहे," डॉक्टर म्हणाले. "गाजर खा, त्याला हरकत नाही. पण सिगारेट ओढणाऱ्यांनी ते गोळ्यांतून एवढं घेतलं, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं दिसलंय. आजपासून बंद करा."

"पण जीवनसत्त्व कमी होतं ना?"

"होतं. पण गोळीने सिगारेटीची भरपाई होत नाही."

चंद्रावतीने भिंतीवर लावलेल्या दत्तारामच्या छातीच्या एक्स-रे फिल्मकडे पाहिलं. उजव्या फुप्फुसात वालाएवढा डाग होता.

"हा डाग गोळ्यांमुळे?"

"तसं कुणालाच सांगता येणार नाही. तो कसला आहे, ते सोमवारी तुकडा काढून तपासू. कारण विचाराल तर पहिलं सिगारेटच."

पहिलं म्हणजे मागे दुसरंही असणार. चंद्रावतीने गोळ्यांचं पाकीट उचलून पिशवीत टाकलं.

म्हापशाहून निघालेली बस अस्नोड्याला अडकली. पुढे रस्ता खणला होता. मागे वाहनांची रांग लागली. उभ्या माणसांच्या गर्दीत उतरायलाही वाट नव्हती. दत्तारामचा हात खिशाकडे गेला आणि तसाच मांडीवर येऊन पडला.

"मी माज्या हातान दिलंय तुमका," चंद्रावती हळूच म्हणाली. "रोज सकाळी."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

"चंद्रा, त्यो गोळ्यो माज्या पोटात कधी गेल्योच नाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तोंडात धरी होतंय. तू आत गेलंस काय परसात थुंकी होतंय. तुका वायट वाटात म्हणान सांगलंय नाय."

गोळी दिली की पेला रिकामा होईपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहायची. मग लहान मुलाला म्हणावं तसं "आ करा" म्हणायची, आणि तो हसत जीभ वर उचलून दाखवायचा. तीन वर्षांत एकदाही तिने हे चुकवलं नव्हतं.

दत्तारामच्या कपाळावर घाम आला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण ती काय म्हणते ते ऐकायला थांबला होता.

"बरा केलात," ती म्हणाली.