मंजूर ठिपका

मी कर्वेनगरातल्या एका उद्यानाचा नकाशा बोलतोय. थांबून ऐकणार असाल तर ऐका; रस्ता मात्र मला विचारू नका.

माझा जन्म पूर्व दारासाठी झाला. रंगाऱ्याने कारंजे, घसरगुंडी, स्वच्छतागृह सारे चोख रेखले आणि पूर्व दारापाशी लाल ठिपका देऊन लिहिले, 'आपण येथे आहात'. परंतु उद्घाटनाच्या पाहुण्यांची मोटार पश्चिम दाराशीच उभी राहू शकत होती, म्हणून मलाही तिथेच रोवण्यात आले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. ठिपका पूर्वेलाच राहिला. माझ्या निम्म्या अंगावर पाहुण्यांचे छायाचित्र आहे. ते मात्र हुबेहूब आहे.

लोक माझ्यासमोर येऊन दात कोरतात, माझ्या काचेत पाहून भांग सारखा करतात. मला वाचत कोणी नाही, हे त्यांचे सुदैव.

यमुनाबाईंनी वाचले. त्या वाघोलीहून नुकत्याच लेकाकडे राहायला आलेल्या. रक्तदाबाच्या गोळीमुळे त्यांना वरचेवर स्वच्छतागृह लागते, आणि उद्यानातला फेरा एवढेच काय ते त्यांचे घराबाहेर पडणे. माझ्या सांगण्यावरून त्या डावीकडे गेल्या आणि पंपघराच्या भिंतीशी पोहोचल्या. परतल्या तेव्हा साडी भिजलेली होती. पदर पुढे ओढून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

उद्यानांचे नकाशे तपासायला नेमलेली तनुजा तिथेच होती. तिने देखरेखीवरच्या दिगंबररावांना बोलावले.

"काका, ठिपका चुकलाय. त्यामुळे डावं-उजवं उलटं पडतंय."

"मॅडम, नकाशा मंजूर आहे."

"पण आपण पश्चिम दाराशी उभे आहोत ना?"

"आपण कुठंही उभे असू. मंजुरी ठिपक्याला आहे."

"मग दार हलवा," यमुनाबाई म्हणाल्या. "मी येथे नाही, एवढं मला अजून कळतं."

"आजी, घरूनच जाऊन यायचं असतं."

"अहो, हे आपण आपल्या आईला सांगून पाहा."

तनुजाने माझ्यावर कागद चिकटवला: योग्य जागी ठिपका, योग्य दिशेला बाण. दुसऱ्या दिवशी यमुनाबाई कोणालाही न विचारता गेल्या, ताठ मानेने आल्या. त्याच दुपारी दिगंबररावांनी पत्र्याच्या तुकड्याने तो कागद खरवडून काढला. फलकाचे विद्रूपीकरण, म्हणे.

पुढे माझी सुधारणा झाली. चारही कोपऱ्यांत फुलपाखरे आली, छायाचित्र वाढले, ठिपक्याला नवा लाल रंग मिळाला. यमुनाबाईंनी दारातूनच तो पाहिला आणि त्या माघारी वळल्या. पुन्हा आल्या नाहीत.

माझी कीव करू नका. मला उपटून पूर्व दाराशी न्या. तेवढे झेपत नसेल तर भंगारवाल्याला द्या. तोवर एखादी म्हातारी दाराशी घुटमळताना दिसली, तर तिला माझ्याकडे पाठवू नका. आपले बोट दाखवा: उजवीकडे, बांबूंच्या मागे.